चांगले पत्ते असूनही हार्थस्टोनचा डेक हरतो. बांधणी कुठून सुरू करावी?

बदामसत्ती

नमस्कार. मी हार्थस्टोन या डिजिटल पत्त्यांच्या खेळात स्टँडर्ड प्रकारात (ज्यात मुख्यतः अलीकडच्या सेटचे पत्ते चालतात) मेज या क्लासने, म्हणजे जादूगाराच्या पात्राने, खेळतो आणि दर महिन्याला गोल्ड या श्रेणीपर्यंत पोहोचून तिथेच अडकतो. डेक मी स्वतः बांधलेला आहे. माझ्या संग्रहातील जे तीस पत्ते मला सर्वांत ताकदवान वाटले, ते मी निवडले. त्यांत पाच लेजंडरी, म्हणजे सर्वांत दुर्मिळ पत्ते, आहेत, फायरबॉलसारखे थेट डॅमेज देणारे स्पेल आहेत, समोरचे सगळे मिनियन (मैदानात उतरून लढणारे पत्ते) एका फटक्यात साफ करणारे स्पेल आहेत आणि सात किंवा त्याहून अधिक मॅनाचे (मॅना म्हणजे पत्ता खेळण्याची किंमत; तो दर टर्नला एकाने वाढत जातो) एकूण नऊ पत्ते आहेत. एक मॅनाचे पत्ते मात्र दोनच आहेत आणि दोन मॅनाचे चार.

एकेक पत्ता सुटा घेऊन पाहिला तर वावगे काही दिसत नाही. प्रत्यक्ष डावात मात्र पाचव्या टर्नपर्यंत माझी हेल्थ अर्ध्यावर आलेली असते आणि महागडे पत्ते हातात तसेच पडून असतात. जे डाव लांबतात ते मी बहुधा जिंकतो, पण लांबणारे डाव फार थोडे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. डेकची फेररचना नेमकी कुठून सुरू करावी? माझ्याकडे नवे पत्ते तयार करण्यासाठी लागणारी सुमारे २,००० डस्ट साठली आहे, ती कशावर खर्च करावी? आणि इंटरनेटवर मिळणारा तयार डेक कोड उतरवून घेतल्याने माझी समज वाढेल की खुंटेल?

इस्पिकराणी

आपल्या वर्णनात प्रत्येक पत्त्याचे काम लिहिलेले आहे, परंतु हा डेक जिंकतो कसा हे कुठेही लिहिलेले नाही, आणि माझ्या मते दुखणे तिथेच आहे. डेक बांधायला बसण्यापूर्वी एक वाक्य आपल्याला पूर्ण करता आले पाहिजे: “हा डेक साधारण अमुक टर्नला, अमुक मार्गाने समोरच्याची तीस हेल्थ संपवतो.” हे वाक्य जोवर सुचत नाही, तोवर एकही पत्ता निवडू नये. ते सुचले की तीसपैकी निम्मे पत्ते आपोआप ठरतात आणि उरलेल्या निम्म्यांना एकच प्रश्न विचारायचा राहतो की हा पत्ता त्या वाक्याला मदत करतो का.

आपण मेज खेळता म्हणून मेजचेच जुने उदाहरण देते. २०१४ मध्ये खेळ प्रसिद्ध झाला, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘फ्रीझ मेज’ नावाचा डेक फार गाजला. त्याचे वाक्य असे होते: नवव्या टर्नला अ‍ॅलेक्सस्ट्राझा खेळून प्रतिस्पर्ध्याची हेल्थ थेट १५ वर आणायची आणि पुढच्या टर्नला उरलेली १५ केवळ स्पेलनी संपवायची. हिशोब पाहा. फ्रॉस्टबोल्ट दोन मॅनात तीन डॅमेज देतो आणि समोरच्याला गोठवतो. आइस लान्स एका मॅनाचा असून समोरचा आधीच गोठलेला असेल तर चार डॅमेज देतो. फायरबॉल चार मॅनात सहा देतो. एक फ्रॉस्टबोल्ट, दोन आइस लान्स आणि एक फायरबॉल एवढे हातात असले की आठ मॅनात १७ डॅमेज होते, म्हणजे १५ चा प्रश्न मिटला.

या डेकची खरी शिकवण मात्र उरलेल्या पत्त्यांत आहे. डूमसेयर हा दोन मॅनाचा मिनियन स्वतः काहीच हल्ला करत नाही, पण आपला पुढचा टर्न सुरू होताना तो जिवंत असेल तर मैदानावरचे सगळे मिनियन नष्ट करतो. एरवी समोरचा खेळाडू त्याला लगेच मारून टाकतो. त्याच्यासोबत तीन मॅनाचा फ्रॉस्ट नोव्हा खेळला की समोरचे सगळे मिनियन गोठतात आणि डूमसेयरला हात लावण्याचे मार्ग फारच थोडे उरतात. पाच मॅनात मैदान रिकामे होते आणि आपल्याला आणखी दोन टर्न मिळतात. सुटा घेतला तर डूमसेयर हा कमकुवत पत्ता वाटेल. आपण ज्या पद्धतीने निवड केली आहे त्या पद्धतीत तो कधीच निवडला गेला नसता, आणि तरीही त्या डेकचा कणा तोच होता, कारण नवव्या टर्नपर्यंत तग धरणे हीच त्या वाक्याची अट होती.

याच्या उलट बाजूने आपल्या डेककडे पाहू. थेट डॅमेजचे स्पेल समोरच्याला लवकर संपवण्यासाठी असतात, मैदान साफ करणारे स्पेल डाव लांबवण्यासाठी असतात आणि नऊ महागडे पत्ते लांबलेला डाव जिंकण्यासाठी असतात. यांतले पहिले काम दुसऱ्या दोन कामांच्या विरुद्ध दिशेला ओढते. शिवाय डाव लांबवायचाच असेल तर त्यासाठी लागणारे स्वस्त पत्ते आपल्याकडे जवळजवळ नाहीत. रमीत हातात राजे-राण्या कितीही आल्या तरी सिक्वेन्स लागत नसेल तर त्याच पानांचे गुण अंगावर येतात. आपल्या लेजंडरींचे नेमके तसे झाले आहे.

माझा सल्ला असा की या संग्रहातून दोनपैकी एकच वाट निवडावी. डाव लांबवायचा असेल तर महागड्या नऊपैकी तीनच ठेवावेत, जे खेळल्यावर डाव खरोखर संपतो असेच तीन, आणि मोकळ्या झालेल्या सहा जागा एक ते तीन मॅनाच्या बचावाच्या पत्त्यांना द्याव्यात. समोरच्याला स्पेलनी जाळून संपवायचे असेल तर मैदान साफ करणारे महाग स्पेल काढून टाकावेत आणि सुरुवातीच्या टर्नला जे मिनियन थोडे-थोडे डॅमेज करून ठेवतील ते घालावेत. तयार डेक उतरवून घेण्याआधी हे वाक्य लिहिण्याचा आणि स्वतः कापाकापी करण्याचा प्रयोग निदान एकदा करावा असे मला मनापासून वाटते, कारण आवडता पत्ता बाहेर काढताना जो विचार करावा लागतो तो दुसऱ्याच्या डेकवर करावा लागत नाही.

कृष्णाकाठ

इस्पिकराणी यांनी लिहिलेले मला पूर्ण पटते. त्याला थोडी आकड्यांची जोड देतो, कारण ‘स्वस्त पत्ते कमी आहेत’ हे म्हणणे आकड्यांत मांडले की किती कमी आहेत हे कळते.

पहिल्यांदा खेळणाऱ्याला तीन पत्ते मिळतात आणि दुसऱ्याला चार पत्ते व वर एका टर्नपुरता एक मॅना वाढवणारा कॉइन. मलिगनमध्ये, म्हणजे डाव सुरू होण्याआधीच्या बदलीत, जेवढे नकोत तेवढे परत करता येतात आणि परत केलेले पत्ते त्याच बदलीत पुन्हा येत नाहीत. आता समजा, आपण पहिल्यांदा खेळत आहोत आणि एक मॅनाचा पत्ता मिळावा म्हणून बाकी सगळे परत करत आहोत. डेकमध्ये एक मॅनाचे दोनच पत्ते असतील तर पहिल्या टर्नला त्यांपैकी एक तरी हातात असण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के येते. चार पत्ते असतील तर ती ६७ टक्के, सहा असतील तर ८२ आणि आठ असतील तर ९१ टक्के होते. दोनाचे चार केल्यावर २६ टक्क्यांची भर पडते, पण सहाचे आठ केल्यावर नऊचीच. म्हणून ज्या डेकला पहिल्या टर्नपासून मैदानात उतरायचे आहे त्याने सहाच्या आसपास थांबावे, त्यापुढे जाण्यास त्या पत्त्यांचे आणखी काही कारण असले पाहिजे. ज्याला पहिला टर्न रिकामा गेला तरी चालतो, त्याने हा विचार दोन मॅनाच्या पत्त्यांबाबत करावा.

आता महागड्या पत्त्यांकडे वळू. मलिगन बाजूला ठेवले तर चौथ्या टर्नपर्यंत पहिला खेळाडू सात पत्ते पाहतो. डेकमध्ये सात किंवा अधिक मॅनाचे नऊ पत्ते असतील तर त्या सातांपैकी सरासरी दोनहून थोडे अधिक पत्ते असे असतात की जे अजून तीन टर्न खेळताच येणार नाहीत. समोरचा खेळाडू सात पत्त्यांनी खेळतो आहे आणि आपण पाचांनी. हेच महागडे पत्ते तीनवर आणले तर ही सरासरी एकाच्याही खाली, ०.७ वर येते. मलिगनमध्ये महाग पत्ते परत करून थोडी सुधारणा होते हे खरे, पण परत केलेल्या पत्त्याच्या जागी पुन्हा महागच पत्ता येण्याची भीती नऊ असताना मोठी राहते.

एक पुढची सूचना आत्ताच करून ठेवतो, कारण डेक थोडा सुधारला की बहुतेक जण त्या वाटेला जातात. एखाद्या विशिष्ट क्लासकडून दोन-तीनदा हार झाली की त्याच्यावरचा उतारा म्हणून एक पत्ता घालण्याचा मोह होतो, उदाहरणार्थ समोरच्याचे शस्त्र मोडणारा अ‍ॅसिडिक स्वॅम्प ऊझ. डेकमध्ये त्याची एकच प्रत असेल तर पहिल्या दहा पत्त्यांत तो दिसण्याची शक्यता एक तृतीयांश आहे. शस्त्रावर विसंबणारे प्रतिस्पर्धी समजा पाचांत एक भेटतात. मग पंधरा डावांत एकदाच तो वेळेवर उपयोगी पडेल. ऊझ तीन हल्ला आणि दोन हेल्थचा साधा मिनियन म्हणूनही खेळता येतो, त्यामुळे त्याचे ओझे फार होत नाही. मात्र ज्या उताऱ्याचा इतर डावांत काहीच उपयोग नाही, तो समोर तेच डेक वारंवार दिसू लागेपर्यंत घालू नये.

उशिराची_लोकल

आपला दुसरा आणि तिसरा प्रश्न राहिला आहे, म्हणून त्यांवर लिहितो.

लेजंडरी पत्ता तयार करायला १,६०० डस्ट लागते, एपिकला ४००, रेअरला १०० आणि कॉमनला ४०. म्हणजे एका लेजंडरीच्या किमतीत चार एपिक, सोळा रेअर किंवा चाळीस कॉमन येतात. पत्ता मोडल्यावर मात्र अनुक्रमे ४००, १००, २० आणि ५ एवढीच डस्ट हाती येते. एक नवी लेजंडरी करण्यासाठी चार जुन्या मोडाव्या लागतात, तेव्हा आज नकोसा वाटणारा पत्ता घाईने मोडू नये. वर आलेल्या सल्ल्यानुसार आपल्याला स्वस्त मॅनाचे सहा-आठ पत्ते हवे आहेत. असे पत्ते बहुधा कॉमन किंवा रेअर असतात, आणि २०२१ पासून सर्वांना फुकट मिळणाऱ्या कोअर सेटमध्येही त्यांतले काही सापडतील. आपल्या डेकची मोठी दुरुस्ती ५०० डस्टच्या आत होईल असा माझा अंदाज आहे. उरलेली डस्ट राखून ठेवावी.

लेजंडरी करायचीच असेल तर आधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे तो पत्ता कोणत्या वर्षीच्या सेटमधला आहे. स्टँडर्डमधून जुने सेट दरवर्षी साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास बाहेर जातात, आणि फेब्रुवारीत १,६०० डस्ट घालून केलेला जुना पत्ता दोन महिन्यांत केवळ वाईल्डपुरता, म्हणजे जुने पत्तेही चालणाऱ्या प्रकारापुरता, उरू शकतो. दुसरी म्हणजे तो मेजचाच आहे की न्यूट्रल. न्यूट्रल पत्ता उद्या आपण क्लास बदललात तरी चालतो. अलीकडेच फार गाजलेला पत्ता दुबळा केला जाईल या भीतीने थांबण्याचे मात्र कारण नाही, कारण असा बदल झाल्यावर काही दिवस तो पत्ता मोडल्यास तयार करण्याची पूर्ण किंमत परत मिळते. सोनेरी लेजंडरी ३,२०० डस्टला पडते आणि खेळात तिचा कणभरही जास्त उपयोग नाही. साठवलेले गोल्ड, म्हणजे खेळातले चलन, पत्त्यांच्या पॅकवर घालायचे असेल तर एवढे लक्षात ठेवावे की नव्या सेटच्या पहिल्या दहा पॅकमध्ये एक लेजंडरी नक्की मिळते. ती मिळेपर्यंत एकाच सेटचे पॅक उघडणे फायद्याचे असते.

तयार डेक उतरवून घेण्याबाबत माझे मत इस्पिकराणी यांच्याहून वेगळे आहे. स्वतः कापाकापी करावी हे योग्यच, पण त्याआधी चांगला डेक हाताखालून गेलेला असावा. नव्या माणसाच्या स्वतःच्या डेकमध्ये हार झाली की दोष डेकचा की खेळण्याचा, हे उमगत नाही. सिद्ध झालेला डेक घेतला तर निदान एक शंका मिटते आणि सगळे लक्ष खेळण्यावर देता येते. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ असते, अट एवढीच की कोड उतरवल्यावर तीसही पत्ते समोर ठेवून प्रत्येकाचे कारण स्वतःला सांगता आले पाहिजे. ज्या पत्त्याचे कारण सापडत नाही, तिथेच आपल्याला अजून न कळलेली गोष्ट दडलेली असते. असा पत्ता लगेच बदलू नये; काही डाव तो तसाच खेळून पाहावा.

डेक घेताना तो लॅडरवरचा (श्रेणी वाढवण्यासाठीच्या रोजच्या डावांतला) आहे की स्पर्धेतला, हे पाहणे गरजेचे आहे. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धांत हार्थस्टोन हा प्रात्यक्षिक खेळ होता आणि भूजच्या तीर्थ मेहता यांनी त्यात भारतासाठी कांस्यपदक मिळवले. त्यानंतर आपल्याकडच्या अनेकांनी स्पर्धांचे डेक पाहायला सुरुवात केली, आणि ती आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु स्पर्धेत खेळाडू वेगवेगळ्या क्लासचे तीन-चार डेक एकत्र घेऊन उतरतो आणि पुष्कळ स्पर्धांत प्रतिस्पर्ध्याच्या एका डेकवर बंदीही घालता येते. ज्याच्यासमोर आपला डेक हमखास हरतो त्यालाच वगळण्याची सोय असेल तर डेक वेगळ्या हिशोबाने बांधला जातो. लॅडरवर तशी सोय नाही.

बदामसत्ती

तिघांचेही मनापासून आभार. मी जाळून संपवण्याची वाट निवडली आहे. माझे वाक्य असे आहे: पहिल्या पाच टर्नमध्ये मिनियनच्या हल्ल्याने समोरच्याची हेल्थ १५ च्या आसपास आणायची आणि सातव्या-आठव्या टर्नपर्यंत उरलेली स्पेलनी संपवायची. महागड्या नऊपैकी आठ काढले, एक ठेवला आहे. एक मॅनाचे सहा आणि दोन मॅनाचे आठ पत्ते झाले. कॉमन आणि रेअर पत्त्यांवर मिळून ५०० हून कमी डस्ट लागली.

दोन शंका उरल्या आहेत. काढून टाकलेल्या पत्त्यांतील काही मला फार आवडतात, म्हणून वाईल्डमध्ये प्रिन्स रेनाथल घालून चाळीस पत्त्यांचा डेक करावा असा विचार आहे. वरची दहा पाने मिळाली तर जास्त चांगले पत्ते मावतील, असे वाटते. दुसरी शंका अशी की बदललेला डेक खरोखर सुधारला आहे, हे किती डावांनंतर मानावे?

कृष्णाकाठ

रेनाथल २०२२ मध्ये आला तेव्हा चाळीस पत्त्यांबरोबर सुरुवातीची हेल्थही चाळीस मिळत असे; पुढे ती ३५ करण्यात आली. त्या वाढीव हेल्थची किंमत आपण कशाने मोजतो ते पाहा. तीस पत्त्यांच्या डेकमध्ये एखाद्या पत्त्याच्या दोन प्रती असतील तर पहिल्या सात पत्त्यांत त्यांपैकी एक तरी दिसण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के असते. चाळीस पत्त्यांच्या डेकमध्ये तीच ३२ टक्क्यांवर येते. ज्याचे जिंकणे ठरावीक पत्ते वेळेवर येण्यावर अवलंबून आहे, त्याला हे दहा टक्के फार जड जातात, आणि आपण आता निवडलेला डेक अगदी तसाच आहे. लांबणाऱ्या डावाच्या डेकला हे परवडते, कारण त्याला अमुकच पत्ता हवा असे नसते, बचावाचा कोणताही एक मिळाला की त्याचे काम चालते. रेनो जॅक्सन या पत्त्याचेही असेच आहे. त्याची पूर्ण हेल्थ भरून देण्याची अट अशी की डेकमध्ये एकाही पत्त्याची दुसरी प्रत नसावी, आणि एकुलता पत्ता पहिल्या सातांत दिसण्याची शक्यता अवघी २३ टक्के असते. तेव्हा आवडते पत्ते मावावेत म्हणून डेक मोठा करू नये. त्या पत्त्यांसाठी दुसरा, संथ डेक जरूर बांधावा; तो आपल्याला आवडेल असे वाटते.

सुधारणा ओळखण्याविषयी एक गोष्ट समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. ज्या डेकची खरी ताकद निम्मे डाव जिंकण्याइतकीच आहे, तो वीस डावांत बारा किंवा अधिक विजय निव्वळ नशिबाने चारपैकी सुमारे एका वेळी मिळवतो. शंभर डावांत ५५ किंवा अधिक विजयही त्याला सुमारे १८ टक्के वेळा मिळून जातात. निम्मे डाव जिंकणारा डेक आणि शंभरांत ५५ जिंकणारा डेक यांतला फरक खात्रीने सांगायचा तर चारशेच्या आसपास डाव लागतात, आणि तेवढे होईपर्यंत बहुधा नवा सेट आलेला असतो. एकट्या खेळाडूने विजयांच्या टक्केवारीवरून दोन पत्त्यांची तुलना करणे म्हणूनच व्यवहार्य नाही. सलग चार हारींनंतर डेक मोडून नवा बांधणे तर मुळीच योग्य नाही.

इस्पिकराणी

टक्केवारी उपयोगी नाही म्हणून हात बांधून बसावे लागते असे मात्र नाही. प्रत्येक डाव संपताना, हरलो तरी आणि जिंकलो तरी, कोणते पत्ते हातात न खेळता राहिले ते वहीत लिहावे आणि ते का राहिले हेही एका ओळीत लिहावे: मॅना कमी होता, लक्ष्यच नव्हते, की खेळण्यापेक्षा नेहमीच दुसरे काही चांगले होते. यातली तिसरी नोंद सर्वांत बोलकी असते. मॅनाची अडचण एखाद्या डावापुरती असू शकते, पण जो पत्ता खेळता येत असूनही आपण वारंवार खेळत नाही, तो आपल्या वाक्यात बसत नाही हे आपल्या हातांना आधीच कळलेले असते.

आपण ठेवलेला तो एक महागडा पत्ता या नोंदीत किती वेळा येतो ते आधी पाहा. आठव्या टर्नपर्यंत डाव संपवण्याचे ठरवले असेल तर माझ्या अंदाजाने तो जवळजवळ रोज येईल. त्याच्या जागी पत्ते ओढणारा एखादा स्वस्त स्पेल घातला तर सहाव्या-सातव्या टर्नला हात रिकामा होण्याची अडचण कमी होईल. जाळून संपवणाऱ्या डेकचे बहुतेक हरलेले डाव समोरच्याची तीन-चार हेल्थ शिल्लक असताना आणि आपल्या हातात काहीच नसताना संपतात, तेव्हा तशी नोंदही वेगळी ठेवावी. पत्ता बदलताना एका वेळी एकच बदलावा, म्हणजे पुढच्या नोंदींत झालेला फरक कशामुळे झाला हे सांगता येईल.